एक मोठा ट्रॅक्टर की दोन मध्यम? गवत आणि जनावरांच्या एका शेताचे प्रकरण

परिस्थिती

हे शेत एका कुटुंबाचे आहे. ६० गायी, त्यांची वासरे आणि दरवर्षी कळपात राखल्या जाणाऱ्या १५ कालवडी एवढा त्यांचा पसारा असून ४० हेक्टरांवर ते वर्षातून दोनदा गवत कापतात आणि उरलेल्या जमिनीवर जनावरे चारतात. जमीन चढउताराची आहे, हिवाळा कडक असतो आणि वर्षातले सुमारे पाच महिने कुरणात तोंड घालण्यासारखे काही नसल्यामुळे सगळा कळप साठवलेल्या वाळलेल्या गवतावर जगतो. गवत कापणे, ते ओळींत ओढणे, बेलरने गोल गठ्ठे बांधणे, गठ्ठे वाहून आणणे आणि हिवाळाभर रोज जनावरांपुढे टाकणे ही सगळी कामे एकाच ट्रॅक्टरवर चालत होती. तो ६५ अश्वशक्तीचा, फक्त मागच्या चाकांना ताकद देणारा, दुहेरी क्लचचा जुना ट्रॅक्टर होता आणि त्याच्यावर पुढचा लोडर, म्हणजे ओझे उचलणारे हायड्रॉलिक हात, नंतर बसवलेला होता.

कुटुंबाच्या तक्रारी तीन होत्या. बेलर चालवताना इंजिन तापत असे आणि चढावर त्याचे फेरे पडत असत, म्हणजे त्याचा फिरण्याचा वेग उतरत असे. पुढच्या चाकांची बेअरिंग वारंवार जात असत. आणि लागोपाठच्या दोन उन्हाळ्यांत कापून वाळलेले गवत बांधून होण्यापूर्वीच पावसात सापडले होते. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला होता की ट्रॅक्टर लहान पडतो, तेव्हा तो विकून ११० अश्वशक्तीचा एकच नवा ट्रॅक्टर घ्यावा. तक्रारी पूर्णपणे खऱ्या होत्या, परंतु त्यांतून निघालेला निष्कर्ष तपासून पाहणे आवश्यक होते, कारण तीन वेगवेगळ्या दुखण्यांवर एकच औषध क्वचितच लागू पडते.

ट्रॅक्टरचे तास नेमके कुठे जातात

पहिले काम गवताच्या गरजेचा हिशेब मांडण्याचे होते. सुमारे ५५० किलो वजनाच्या गाईला, गोठ्यात आणि गव्हाणीभोवती होणारी नासाडी धरून, दिवसाला साधारण १६ किलो वाळलेले गवत लागते. ६० गायी आणि १५० दिवस धरल्यास हे १४४ टन होते. कालवडींचे सुमारे १८ टन मिळवले की बेरीज १६२ टनांपर्यंत जाते. १.२ मीटर रुंद आणि १.५ मीटर व्यासाच्या गोल गठ्ठ्याचे वजन या शेतावर सरासरी ४०० किलो भरत होते, म्हणजे वर्षाला सुमारे ४०० गठ्ठे. पहिल्या कापणीत हेक्टरी अडीच टन आणि दुसरीत दीड टन उत्पन्न येत असल्यामुळे ४० हेक्टरांतून ही गरज जेमतेम भागते. त्यामुळे पावसात भिजून वाया गेलेला प्रत्येक गठ्ठा हिवाळ्यात विकत आणावा लागतो.

यानंतर कामाचे तास मोजले. २.४ मीटरचा डिस्क मोअर ताशी १० किलोमीटर वेगाने चालला आणि वळणे, अडथळे यांसाठी पाचवा हिस्सा वेळ वजा केला, तर तासाला सुमारे १.९ हेक्टर कापणी होते; दोन्ही कापण्यांचे मिळून ४२ तास. गवत ओळींत ओढणाऱ्या रेकचे ३६ तास, बेलरचे २७ तास आणि गठ्ठे शेतातून आणून रचण्याचे सुमारे ४० तास. हिवाळ्यातील चारा टाकण्याचे काम दिवसाला सव्वा तासाचे धरले तरी ते १९० तासांच्या घरात जाते. म्हणजे वर्षाच्या सुमारे ३३५ तासांपैकी निम्म्याहून अधिक वेळ हा ट्रॅक्टर थंडीत, कमी फेऱ्यांवर, पुढेमागे करत गठ्ठे उचलत असतो. गठ्ठे वाहण्याचे तास त्यात मिळवले तर लोडरचे काम दोन तृतीयांशांच्या वर जाते.

हा आकडा कुटुंबाला अनपेक्षित होता आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणाची किल्ली त्यातच होती. ट्रॅक्टर घेताना सर्वांच्या डोळ्यांपुढे बेलर ओढण्याचे काम असते, कारण इंजिनचा आवाज तेव्हाच बदलतो. पण यंत्राची झीज मात्र बहुतांशी लोडरच्या कामात होत असते. पुढचा आस, क्लच, ब्रेक, हायड्रॉलिक पंप आणि स्टिअरिंग यांवर तेच काम येते आणि ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकातील अश्वशक्तीच्या ठळक आकड्याचा या भागांशी फारसा संबंध नसतो.

पावसात सापडणाऱ्या गवताचे खरे कारण

गवत सलग तीन-चार कोरडे दिवस पाहून, एका वेळी सुमारे १० हेक्टर, असे टप्प्याटप्प्याने कापले जात होते. बांधणीचा दिवस हा त्यातला निर्णायक दिवस असतो. गोल गठ्ठा बांधताना गवतातील ओलावा साधारण १८ टक्क्यांच्या खाली असावा लागतो. २० टक्क्यांच्या वर गठ्ठा आतून तापू लागतो, बुरशी धरतो आणि फार ओला असल्यास गंजीला आग लागण्यापर्यंत मजल जाते. दुसरीकडे, गवत ओळींत ओढण्याचे काम ते किंचित नरम असताना केले तर पाने झडत नाहीत. म्हणून रेक सकाळी दव उडू लागताच चालवायचा आणि बेलर दुपारी, असा कामाचा नैसर्गिक क्रम आहे.

एका ट्रॅक्टरवर हा क्रम कसा चालतो ते पाहावे. साडेतीन मीटरच्या रेकने १० हेक्टर ओढायला साडेचार तास लागतात. सकाळी नऊला सुरुवात केली तर दीड वाजतो. रेक सोडणे, बेलर जोडणे, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरच्या इंजिनची ताकद मागच्या यंत्राला पोहोचवणारा फिरता दांडा) आणि हायड्रॉलिक नळ्या लावणे यात पाऊण तास जातो. पहिल्या कापणीच्या १० हेक्टरांतून ६२ गठ्ठे निघतात आणि तासाला १५ गठ्ठे धरले तर सव्वाचार तास लागतात, म्हणजे काम संपायला साडेसहा होतात. त्या वेळी हवेतील ओलावा पुन्हा वाढू लागलेला असतो. कागदावर हे काम त्याच दिवसात बसते खरे, परंतु त्यात एक शिअर बोल्ट (यंत्र अडकल्यास ते वाचावे म्हणून आधी तुटणारा बोल्ट) तुटण्याइतकीही उसंत नाही, बांधलेले गठ्ठे त्याच संध्याकाळी आडोशाला नेण्याचा प्रश्नच येत नाही आणि पुढच्या टप्प्याची कापणी आपोआप एक दिवस पुढे ढकलली जाते.

आता या वेळापत्रकात ६५ ऐवजी ११० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घालून पाहिला तर काय बदलते? रेकचा वेग इंजिनच्या ताकदीवर नव्हे, तर गवत न तुटता किती वेगाने ओढता येते यावर ठरतो. बेलरचा वेगही ओळीच्या जाडीवर आणि बेलर किती गवत गिळू शकतो यावर अवलंबून राहतो. साडेचार तास साडेचारच राहतात. याउलट, शेतात दोन ट्रॅक्टर असतील तर सकाळी रेक चालू असताना मागून अकराच्या सुमारास बेलर निघतो, साडेतीनपर्यंत बांधणी उरकते आणि ढग दिसू लागले तर संध्याकाळपूर्वी गठ्ठे छपराखाली जातात. पावसाची तक्रार अश्वशक्तीची नव्हती, ट्रॅक्टरच्या संख्येची होती. रेक ओढायला ३० अश्वशक्तीही पुरते. त्यामुळे विकायला काढलेला जुना ट्रॅक्टर याच कामासाठी शेतावर राहणे सर्वांत हिताचे होते.

तापणारे इंजिन आणि पडणारे फेरे

जुन्या ट्रॅक्टरचे निदान करताना आधी पीटीओवर ताकद मोजून घेतली. ट्रॅक्टरच्या ताकदीचे अधिकृत, तुलना करता येण्याजोगे आकडे मिळतात याचे श्रेय अमेरिकेतील नेब्रास्का राज्याला द्यावे लागते. तेथील विधिमंडळाने १९१९ मध्ये ट्रॅक्टर चाचणीचा कायदा केला आणि १९२० पासून लिंकन येथील विद्यापीठात चाचण्या सुरू झाल्या. शेतकऱ्याला फुगवलेल्या जाहिरातींपासून वाचवणारा हा कायदा ज्यांच्या पुढाकाराने झाला त्यांतील विल्मट क्रोझियर हे स्वतः शेतकरी होते. आज आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या नियमावलीनुसार होणाऱ्या चाचण्यांचे अहवालही उपलब्ध असतात. ट्रॅक्टर घेणाऱ्याने विक्रेत्याच्या पत्रकाआधी असा अहवाल वाचावा, असे मला मनापासून वाटते, कारण त्यात इंजिनची नव्हे तर पीटीओची आणि ड्रॉबारची (मागे ओढण्याच्या दांड्याची) प्रत्यक्ष मोजलेली ताकद दिलेली असते. ढोबळमानाने इंजिनच्या ताकदीपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास पीटीओला पोहोचते. ६५ अश्वशक्तीच्या इंजिनमागे म्हणून ५५ पीटीओ अश्वशक्तीची अपेक्षा ठेवायची.

या ट्रॅक्टरने प्रत्यक्षात ४८ दिली. डिझेल फिल्टर काळवंडलेला होता, हवेच्या फिल्टरचे बाहेरचे एलिमेंट आपटून-आपटून कडेला फाटले होते आणि इंजेक्टरचे नोझल बदलायला आलेले होते. ही तिन्ही कामे केल्यावर आकडा ५४ वर आला. तापण्याचे कारण त्याहून साधे होते. रेडिएटरची पुढची जाळी दररोज झटकली जात होती, म्हणून तो स्वच्छ असल्याची सर्वांची समजूत होती. परंतु जाळीतून निसटलेली बारीक काडी आणि गवताचे तुसे पंख्याच्या ओढीने फिन्सच्या, म्हणजे रेडिएटरच्या पातळ पत्र्यांच्या, आत जाऊन, तेलाच्या ओघळांनी चिकटून, वाळलेल्या लेपासारखे बसले होते. विजेरी पंख्याच्या बाजूने धरली तर समोरून उजेडाचा एक ठिपकाही दिसत नव्हता. पंख्याच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या हवेने आणि नंतर पाण्याने तो साफ केला. उलट दिशेने किंवा जवळून जोरदार फवारा मारला असता, तर कचरा आणखी आत गेला असता आणि ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे वाकले असते. त्यानंतर बेलर चालवताना तापमानाचा काटा मधल्या खुणेवरून हलला नाही.

तरीही चढावर फेरे पडत राहिले आणि येथे मात्र ताकदीची उणीव खरी होती. बेलरच्या निर्मात्याने किमान ५० पीटीओ अश्वशक्ती सांगितली होती, पण असा किमान आकडा सपाट जमिनीसाठी धरलेला असतो. ३ टनांचा ट्रॅक्टर, २ टनांचा बेलर आणि आत तयार होत आलेला गठ्ठा मिळून ५.४ टन वजन १० टक्के चढावर ताशी ८ किलोमीटरने न्यायचे, तर केवळ वर चढण्यासाठी सुमारे १६ अश्वशक्ती खर्च होते. बेलरलाही गठ्ठा पूर्ण होत आला की सर्वाधिक ताकद लागते. म्हणून या शेताला ७० पीटीओ, म्हणजे इंजिनच्या भाषेत ८० ते ८५ अश्वशक्ती हवी होती. ११० ची गरज कोणत्याही कामातून सिद्ध होत नव्हती.

पुढचा आस का तुटतो

लोडरवर टोचलेला ४०० किलोचा गठ्ठा पुढच्या आसावर ४०० किलोच वजन टाकतो, ही समजूत फार जणांची असते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर २.१ मीटर असलेल्या या ट्रॅक्टरवर गठ्ठ्याचा मध्य पुढच्या आसाच्या २ मीटर पुढे येत होता. तरफेच्या नियमाने पुढच्या आसावर सुमारे ७८० किलोंची भर पडते आणि मागच्या चाकांवरचे ३८० किलो उचलले जातात. लोडरचे स्वतःचे वजन वेगळेच. फक्त मागच्या चाकांना ताकद असलेल्या ट्रॅक्टरचा पुढचा आस मुळात वळण्यासाठी बनवलेला असतो, भार वाहण्यासाठी नाही. या ट्रॅक्टरचे किंगपिन (पुढची चाके ज्यांवर वळतात त्या उभ्या पिना) आणि त्यांचे बुश इतके झिजले होते की जॅकवर घेतलेले चाक वरून-खालून हाताने हलवले तरी खडखड ऐकू येत असे. बेअरिंग बदलत राहिल्याने तात्पुरते भागत होते इतकेच.

याहून गंभीर बाब ब्रेकची होती. अशा ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतात. पुढे गठ्ठा आणि मागे काहीच नाही, अशा स्थितीत उतार उतरताना मागची चाके हलकी होऊन नुसती घसरतात आणि चालकाच्या हाती काही राहत नाही. मागे १ मीटर अंतरावर ६०० किलोचे वजन अडकवले तर मागच्या आसावर जवळपास ८९० किलोंची भर पडते आणि पुढच्या आसावरचा सुमारे २९० किलोंचा भार कमी होतो. हाच परिणाम बऱ्याच अंशी मागच्या लिंकेजवर दुसरा गठ्ठा टोचूनही साधतो, शिवाय एका फेरीत दोन गठ्ठे जातात. लोडरवर गठ्ठा बादलीत नुसता ठेवून कधीही उचलू नये, सुळ्यावरच टोचावा आणि नेताना जमिनीलगत ठेवावा. वर नेलेला मोकळा गोल गठ्ठा लोडरच्या हातांवरून घरंगळत थेट चालकावर येतो. उलटण्यापासून संरक्षण देणारी चौकट नव्या ट्रॅक्टरांवर सक्तीची करण्याचा निर्णय स्वीडनने १९५९ मध्येच घेतला होता. या कुटुंबाच्या जुन्या ट्रॅक्टरवर ती नव्हती. ती आणि तिच्यासोबत सीटबेल्ट बसवणे ही शिफारस आम्ही खरेदीच्या चर्चेपासून वेगळी ठेवली, कारण ती कोणत्याही पर्यायावर अवलंबून ठेवण्याजोगी नव्हती.

निर्णय आणि वापरलेल्या ट्रॅक्टरची पारख

तीन पर्याय समोर होते. ११० अश्वशक्तीचा एकच नवा ट्रॅक्टर. ८५ अश्वशक्तीचा, चारही चाकांना ताकद असलेला, लोडरसह वापरलेला ट्रॅक्टर आणि सोबत जुना. किंवा बांधणीचे काम बाहेरच्या यंत्रवाल्याकडे देणे. तिसरा पर्याय मला इतर अनेक शेतांसाठी योग्य वाटतो, परंतु येथे सर्वांचे गवत एकाच आठवड्यात तयार होत असल्यामुळे पाळी केव्हा येईल याची खात्री नव्हती. नव्या मोठ्या ट्रॅक्टरबाबत आणखी एक विचार होता: धूर गाळणारा फिल्टर असलेल्या आधुनिक इंजिनांत साठलेली काजळी जाळण्यासाठी एक्झॉस्ट पुरेसा तापावा लागतो. ज्या यंत्राचे निम्म्याहून अधिक तास थंडीत, हलक्या भाराने, थोडा-थोडा वेळ चालण्यात जाणार आहेत, त्याला हे तापमान सहजी मिळत नाही आणि इंजिन जितके मोठे तितका हा भार आणखी हलका पडतो. दुसरा पर्याय निवडला गेला.

नव्याने घ्यायच्या ट्रॅक्टरमध्ये दोन गोष्टींवर तडजोड करायची नाही, असे ठरले. पहिली म्हणजे स्वतंत्र, म्हणजे चालण्याच्या क्लचवर अवलंबून नसलेला, पीटीओ. गठ्ठा पूर्ण झाला की ट्रॅक्टर थांबवून, पीटीओ चालू ठेवून, त्याच्यावर सुतळी किंवा जाळी गुंडाळायची असते; दुहेरी क्लचवर प्रत्येक गठ्ठ्याला पेडल अर्धे दाबून धरावे लागते आणि प्रत्येक वेळी पाय तितकाच अचूक पडेल असे नाही. दुसरी म्हणजे क्लच न दाबता पुढे-मागे जाण्याचा शटल लीव्हर, कारण हिवाळ्यात रोज कितीतरी वेळा दिशा बदलावी लागते.

पाहणीसाठी गेल्यावर प्रथम इंजिनला हात लावून ते थंड असल्याची खात्री केली, कारण आधीच तापवून ठेवलेले इंजिन सुरू होण्यातले दोष लपवते. तास दाखवणारा मीटर आणि पेडलच्या रबराची झीज यांचा मेळ बसतो का, हे पाहिले. लोडरवर जड गठ्ठा उचलून इंजिन बंद केले आणि तो किती झपाट्याने खाली येतो याचे निरीक्षण केले. त्यावरून सिलिंडर आणि व्हॉल्व्ह यांची गळती कळते. लोडरच्या वेल्डिंगच्या कडा, पिना, आणि लोडरची चौकट ज्या बोल्टांनी ट्रॅक्टरच्या धडाला जोडलेली असते ते बोल्ट बारकाईने तपासले. सैल बोल्टांभोवती गंजाची तांबूस रेघ दिसते. इंजिनचे आणि गिअरबॉक्सचे तेल तपासणीसाठी पाठवले.

सर्वांत उपयोगी ठरली ती टायरची पाहणी. चारही चाकांना ताकद असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पुढची चाके मागच्यांपेक्षा परिघाच्या हिशेबाने १ ते ५ टक्के पुढे ओढणारी असावी लागतात. मागचे टायर नवे आणि पुढचे झिजलेले, किंवा चुकीच्या मापाचे असले तर पुढचा आस आणि गिअरबॉक्स एकमेकांशी झगडत राहतात व गिअर आतून खराब होतात. पाहिलेल्या ट्रॅक्टरांपैकी दिसायला सर्वांत देखणा ट्रॅक्टर याच कारणाने नाकारला. त्याचे मागचे टायर नुकतेच, वेगळ्या मापाचे घातलेले होते. घेतलेल्या ट्रॅक्टरचा रंग उडालेला होता, मात्र त्याच्या सर्व्हिसच्या नोंदी सलग होत्या.

देखभालीची घडी

देखभाल दोन वेगवेगळ्या मापांनी बांधली: काही कामे तासांवर, काही ऋतूंवर. तासांची कामे निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवली, त्यात आपले डोके चालवण्याचे कारण नसते. जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन ऑईल मात्र वर्षातून एकदा, तास भरले नसले तरी, बदलायचे असे ठरले, कारण थोडा वेळ चालून थंड होणाऱ्या इंजिनात तेलात पाणी आणि डिझेल मिसळत राहते.

गवताच्या हंगामाआधी पीटीओ शाफ्टवरील स्लिप क्लच सैल करून मुद्दाम घसरवून घ्यावा लागतो. हिवाळाभर पडून राहिलेल्या त्याच्या प्लेटा गंजाने चिकटतात. मग बेलर अडकला की क्लच घसरण्याऐवजी गिअरबॉक्स तुटतो. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे कवच शाबूत आहे आणि साखळीने बांधलेले आहे, हे पाहिल्याशिवाय यंत्र शेतात न्यायचे नाही. हंगामात रेडिएटर दिवसातून दोनदा, विजेरी लावून पाहायचा. एक्झॉस्टच्या आसपास साठलेली काडी त्याच वेळी काढायची, कारण बांधणीच्या दुपारी ट्रॅक्टर पेटण्याची सुरुवात तेथूनच होते. अग्निशामक सिलिंडर ट्रॅक्टरवर असतो, घरात नाही. हवेच्या फिल्टरला दाब दाखवणारा दर्शक सांगेपर्यंत हात लावायचा नाही. वारंवार उघडल्याने उलट धूळ आत जाते.

हिवाळ्यातल्या कामाचे शत्रू वेगळे आहेत. डिझेलची टाकी संध्याकाळी भरून ठेवली तर रिकाम्या जागेत दव धरत नाही. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरचा तळ आठवड्याला सोडायचा. लोडरच्या पिनांना ग्रीस मारताना लोडर जमिनीवर टेकवायचा, म्हणजे पिनेवरचा भार निघतो आणि ग्रीस खरोखर आत जाते. गोठ्यातील शेण-मूत्र रिम आणि वायरींच्या जोडांना खाते, म्हणून महिन्यातून एकदा तरी खालून धुणे भाग आहे. काँक्रीटच्या फरशीवर पुढची ताकद बंद ठेवायची.

या सर्वांत ज्या एका गोष्टीकडे मी प्रत्येक शेतकऱ्याचे लक्ष वेधू इच्छितो ती म्हणजे गठ्ठ्यांची सुतळी आणि जाळी. जनावरांपुढे गठ्ठा सोडताना कापलेली जाळी चिखलात पडते, पुढच्या चाकाच्या हबभोवती गुंडाळली जाते आणि फिरता-फिरता ऑईल सीलच्या ओठाखाली शिरते. पहिल्याच हिवाळ्यात नव्या ट्रॅक्टरच्या डाव्या हबवर चिखलात एक ओलसर, चकाकणारे वलय दिसले. चाक काढून पाहिले तेव्हा हिरव्या जाळीचा बोटभर जाडीचा, दाबून कडक झालेला वेटोळा निघाला. सीलचा ओठ एका बाजूने पातीने कापावा तसा कापला गेला होता. हबमधले तेल अजून पुरेसे होते, म्हणून बेअरिंग आणि गिअर वाचले. तेव्हापासून कापलेली जाळी लोडरच्या हुकला टांगलेल्या पोत्यात जाते आणि दर रविवारी चाकू घेऊन दोन्ही हब तपासले जातात.

पुढचे दोन हंगाम

पुढच्या दोन्ही उन्हाळ्यांत रेक आणि बेलर एकाच दिवशी चालले. एका टप्प्यात पाऊस अंदाजापेक्षा लवकर आला आणि शेवटचे दीड हेक्टर भिजले. ते दोन ट्रॅक्टरांनीही टळण्यासारखे नव्हते. बाकी सर्व गवत कोरडे बांधले गेले. चढावर बेलर ओढताना ८५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे फेरे टिकून राहतात, मात्र मागच्या टायरमधील हवा पुस्तिकेतील भाराच्या तक्त्याप्रमाणे कमी केल्यावरच ओल्या उतारावरचे घसरणे आटोक्यात आले.

जुन्या ट्रॅक्टरवरचा लोडर उतरवला, किंगपिन आणि बुश बदलले आणि तो रेक, खताची गाडी व किरकोळ वाहतूक यांपुरता ठेवला. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस त्याचा क्लच घसरू लागला. क्लचसाठी ट्रॅक्टर मधून दोन भागांत सोडवावा लागतो आणि खर्चातला मोठा वाटा प्लेटांचा नसून या मजुरीचा असतो. वर्षाला जेमतेम ७० ते ८० तास चालणाऱ्या यंत्रावर हा खर्च करावा का, अशी शंका कुटुंबाला होती. रेक ओढणारा दुसरा ट्रॅक्टर नसेल तर बांधणीचा दिवस पुन्हा साडेसहापर्यंत लांबणार होता, म्हणून मी दुरुस्तीच्या बाजूने मत दिले. ट्रॅक्टर उघडलेलाच होता तेव्हा दोन्ही क्लच प्लेटा, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधले पायलट बेअरिंग आणि क्रँकशाफ्टचा मागचा ऑईल सील हे सर्व एकदमच बदलून घेतले. सील त्या वेळी गळत नव्हता. पण तो पुढच्या वर्षी गळला असता तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागली असती.